प्रश्न आपले : वर्क-स्टडीचे काम, मंजुरीच्या पत्रापासून पहिल्या पगारापर्यंत

अमेरिकेतील महाविद्यालयांची सत्रे सुरू होऊ लागली की या सदराकडे ‘फेडरल वर्क-स्टडी’विषयीच्या पत्रांचा ओघ वाढतो. १९६४ च्या ‘इकॉनॉमिक ऑपॉर्च्युनिटी अ‍ॅक्ट’मधून सुरू झालेल्या या योजनेला साठ वर्षे उलटून गेली, तरी आपल्या घरांमध्ये तिच्याविषयी ऐकीव माहितीच जास्त फिरते. आर्थिक गरज असलेल्या विद्यार्थ्याला शिकता शिकता अर्धवेळ काम मिळावे आणि त्याच्या पगाराचा मोठा वाटा फेडरल सरकारने उचलावा, एवढीच तिची मूळ कल्पना आहे. आलेल्या पत्रांतील पुष्कळसे प्रश्न एकसारखे असल्यामुळे त्यांतील सहा येथे घेतले आहेत.

प्रश्न : मुलीला महाविद्यालयाकडून आलेल्या आर्थिक मदतीच्या पत्रात ग्रँट (परत न करावी लागणारी मदत) आणि कर्जाच्या खाली ‘वर्क-स्टडी : ३,००० डॉलर’ अशी ओळ होती. ती रक्कम वजा धरून आम्ही वर्षाच्या पैशांची तजवीज केली. आता बिल आले आहे आणि त्यात हे ३,००० डॉलर कुठेच वजा झालेले नाहीत. महाविद्यालयाची काही चूक झाली असेल का?
— एक पालक, न्यू जर्सी

उत्तर : महाविद्यालयाची चूक नाही, आणि खरे सांगायचे तर आपलीही फारशी नाही. ग्रँट, कर्ज आणि वर्क-स्टडी या तीन अगदी वेगळ्या गोष्टी एकाखाली एक लिहून त्यांची बेरीज मांडण्याची जी पद्धत आहे, तिच्यामुळे दरवर्षी कितीतरी कुटुंबे याच ठिकाणी फसतात. ग्रँट आणि कर्ज महाविद्यालय थेट बिलात जमा करते. वर्क-स्टडीच्या ओळीचा अर्थ मात्र इतकाच, की आपल्या मुलीने काम मिळवले आणि केले, तर वर्षभरात या योजनेतून ती जास्तीत जास्त ३,००० डॉलर कमावू शकते. काम शोधायचे तिने, तास भरायचे तिने, आणि पगार मिळणार तो केलेल्या तासांचा. काम मिळालेच नाही, तर त्या ओळीतून एक डॉलरही हाती येत नाही, आणि न कमावलेली रक्कम वर्षाअखेर कोणी काढून देत नाही.

आकडेमोड करून पाहिली की चित्र स्पष्ट होते. तासाला १५ डॉलर मिळत असतील, तर ३,००० डॉलरसाठी २०० तास काम करावे लागेल. दोन सत्रांचे मिळून ३० आठवडे धरले, तर आठवड्याला सात तासांपेक्षा थोडे कमी. फेडरल किमान वेतन २००९ पासून ७.२५ डॉलरवरच आहे; ज्या राज्यात तेच लागू आहे तेथे त्या दराने काम मिळाले, तर याच रकमेसाठी आठवड्याला जवळजवळ १४ तास द्यावे लागतील. राज्याचे किमान वेतन जास्त असेल, तर तेच द्यावे लागते. म्हणून पत्रातील रकमेइतकेच तासाच्या दराकडेही लक्ष द्यावे. तीच रक्कम एका मुलीला सहज झेपते आणि दुसरीला अभ्यासातून वेळ काढून ओढाताण करीत मिळवावी लागते.

पगार महिन्यातून किमान एकदा, साधारणपणे विद्यार्थ्याच्या बँक खात्यात जमा होतो. तिने लेखी संमती दिली, तर तो फीच्या थकबाकीकडे वळवता येतो, पण पहिले बिल भरण्याची तारीख पहिल्या पगाराच्या बरीच आधी येते. तेव्हा या सत्राचे बिल वर्क-स्टडीवर विसंबून ठेवू नये. महाविद्यालयाची हप्त्यांची सोय असल्यास ती आजच विचारावी आणि मुलीची कमाई पुस्तके, प्रवास, फोन, किरकोळ खर्च यांसाठी धरावी. पुढच्या वर्षी पत्र आले की वर्क-स्टडीची ओळ बाजूला ठेवूनच बेरीज करावी.

प्रश्न : मला वर्क-स्टडी मंजूर झाली आहे. महाविद्यालयाच्या पोर्टलवर बरेच अर्ज केले, पण एकाचेही उत्तर आले नाही. ही कामे आधीच वाटून टाकलेली असतात का?
— प्रथम वर्षाची विद्यार्थिनी, मिशिगन

उत्तर : काही अंशी, हो. मागील वर्षी काम केलेल्या विद्यार्थ्याला तेच काम पुन्हा देणे विभागप्रमुखाला सोयीचे असते, त्यामुळे चांगल्या जागांपैकी काही एप्रिल-मे महिन्यातच भरलेल्या असतात. तरीही सत्राच्या पहिल्या दोन-तीन आठवड्यांत बऱ्याच जागा मोकळ्या होतात, कारण कोणाचे वेळापत्रक बदलते, कोणी काम स्वीकारून येतच नाही, आणि कोणाला दोनच आठवड्यांत काम झेपेनासे होते. एकदा निराश होऊन पोर्टल बंद करणाऱ्यांच्या नजरेतून या जागा सुटतात.

उत्तर न येण्याचे खरे कारण बहुतेक वेळा वेगळे असते. पलीकडे अर्ज वाचणारी व्यक्ती म्हणजे ग्रंथालयातील एखादी कर्मचारी किंवा एखाद्या विभागाचे कार्यालय सांभाळणारे गृहस्थ. विद्यार्थी नेमणे हे त्यांच्या इतर दहा कामांमधले अकरावे काम. त्यांच्यासमोर चाळीस अर्ज आहेत आणि चाळीसही ‘मी मेहनती आहे, मला शिकायची आवड आहे’ असेच सांगतात. त्यांची अडचण मात्र साधी असते : मंगळवारी दुपारी काउंटरवर बसायला कोणी नाही. त्यामुळे ई-मेलमध्ये पहिल्या चार ओळींतच तीन गोष्टी सांगाव्यात. पहिली, तुम्हाला फेडरल वर्क-स्टडी मंजूर आहे आणि ती किती रकमेची आहे. दुसरी, तुमचे मोकळे तास, नेमके : ‘मंगळवार आणि गुरुवार दुपारी १ ते ५, शुक्रवार सकाळी ९ ते १२’. तिसरी, तुम्ही कोणत्या तारखेपासून येऊ शकता. बाकीचे रेझ्युमेत असू द्यावे. दोन-तीन दिवसांत उत्तर नाही आले, तर वर्ग संपल्यावर त्या कार्यालयात स्वतः जाऊन नाव सांगावे आणि रेझ्युमेची एक छापील प्रत द्यावी. यात भिडस्तपणा करू नये. लोचटपणाही करू नये. एकदा भेटून आल्यावर रोज विचारपूस करणाऱ्याला कोणी काम देत नाही.

पहिली गोष्ट सर्वांत आधी का, हेही समजून घ्यावे. वर्क-स्टडीच्या विद्यार्थ्याच्या पगारापैकी साधारणपणे ७५ टक्क्यांपर्यंतचा वाटा फेडरल निधीतून येतो आणि उरलेला नियोक्ता भरतो. म्हणजे बजेट तुटपुंजे असलेल्या विभागाला तुम्ही इतर उमेदवारापेक्षा बऱ्याच स्वस्तात मिळता. हे तुमच्या बाजूचे सर्वांत मोठे वजन आहे, आणि बहुतेक विद्यार्थी ते अर्जाच्या तिसऱ्या परिच्छेदात दडवून ठेवतात.

रेझ्युमेत लिहिण्यासारखे काही नाही, असे मानू नये. मराठी शाळेत लहान मुलांना बाराखडी शिकवायला मदत केली असेल, महाराष्ट्र मंडळाच्या गणेशोत्सवात नोंदणीच्या टेबलावर दोन दिवस बसला असाल, तर तो लोकांशी बोलण्याचा, याद्या आणि पैसे सांभाळण्याचा अनुभवच आहे. कुठे, काय केले आणि किती माणसांशी संबंध आला, हे एका पानात नीट लिहावे.

कामाची निवड करताना ग्रंथालयाच्या काउंटरवरील जागेमागेच धावू नये. तेथे मोकळ्या वेळात अभ्यास करता येतो म्हणून तिच्यासाठी सर्वांत मोठी रांग असते. प्रयोगशाळा, संगणक मदतकेंद्र, शिकवणी केंद्र, रजिस्ट्रारचे कार्यालय, व्यायामशाळा, भोजनगृह अशा अनेक ठिकाणी जागा असतात. प्रत्येक महाविद्यालयाला आपल्या वर्क-स्टडी निधीचा किमान ७ टक्के भाग समाजसेवेच्या कामांवर खर्च करावा लागतो. त्यामुळे आसपासच्या शाळा, सार्वजनिक ग्रंथालये आणि ना-नफा संस्था यांचीही कामे यादीत असतात. ‘अमेरिका रीड्स’सारख्या उपक्रमात लहान मुलांना वाचन शिकवणाऱ्या विद्यार्थ्याचा सगळा पगार फेडरल निधीतून देता येतो, म्हणून तेथे जागा निर्माण करणे संस्थांना सोपे जाते. माझे मत विचाराल तर पहिल्या वर्षी मिळेल ते काम घ्यावे आणि दुसऱ्या वर्षापासून आपल्या विषयाच्या जवळचे काम शोधावे. प्राध्यापकांच्या हाताखालील पुष्कळ कामे पोर्टलवर येतच नाहीत. वर्गानंतर विचारणाऱ्याला ती मिळतात. पुढे शिफारसपत्र लिहिताना त्या प्राध्यापकांकडे तुमच्याविषयी सांगण्यासारखे खरेच काही असते.

काम स्वीकारण्यापूर्वी आठवड्याचे तास किती, परीक्षेच्या आठवड्यात ते कमी करता येतात का, आणि मंजूर रक्कम संपल्यावर काम चालू राहते का, एवढे विचारून घ्यावे.

प्रश्न : मुलाला भोजनगृहात ताटे उचलण्याचे आणि भांडी धुण्याचे काम मिळाले आहे. शिकायला पाठवलेल्या मुलाने हे करावे, हे मनाला पटत नाही. त्याला नको म्हणावे का?
— एक वडील, टेक्सास

उत्तर : त्याला पटत असेल, तर आपण नको म्हणू नये. ज्या महाराष्ट्रातून आपण आलो, तेथे कर्मवीर भाऊराव पाटलांच्या ‘कमवा आणि शिका’ या विचारावर कित्येक पिढ्या शिकल्या. वसतिगृहातील मुलांनी शेतात काम केले, स्वयंपाकघरात हात लावला आणि पदव्या घेतल्या. आक्षेप घ्यायचाच असेल, तर वेळेवर घ्यावा. भोजनगृहाच्या पाळ्या कधी पहाटे, तर कधी रात्री उशिरापर्यंत असतात, आणि सकाळी आठची प्रयोगशाळा असलेल्या मुलाला रात्रीची पाळी जड जाते. पाळ्यांचे वेळापत्रक त्याच्या वर्गांशी ताडून पाहायला सांगा. ते जुळत असेल, तर काम उत्तम आहे.

प्रश्न : आम्ही दोघे एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आहोत. मोठी मुलगी एच-४ या कुटुंबीयांच्या व्हिसावर असून यंदा महाविद्यालयात गेली. धाकटा मुलगा येथेच जन्मलेला आहे. आमचा भाचा एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर एम.एस. करायला आला आहे. या तिघांपैकी वर्क-स्टडी कोणाला मिळू शकते?
— एक कुटुंब, कॅलिफोर्निया

उत्तर : तिघांची उत्तरे तीन आहेत.

धाकटा मुलगा अमेरिकन नागरिक असल्यामुळे तो महाविद्यालयात जाईल तेव्हा फाफ्सा, म्हणजे फेडरल आर्थिक मदतीचा अर्ज, भरू शकेल आणि आर्थिक गरज सिद्ध झाल्यास वर्क-स्टडीला पात्र ठरेल. आई-वडिलांचा व्हिसा कोणता, हे त्याच्या पात्रतेच्या आड येत नाही, जरी आपल्या उत्पन्नाची माहिती त्या अर्जात द्यावीच लागेल. या बाबतीत गैरसमज असल्यामुळे कित्येक घरांत अर्जच भरला जात नाही, याचे वाईट वाटते. अर्ज साधारणपणे आदल्या वर्षीच्या १ ऑक्टोबरच्या सुमारास उघडतो. वर्क-स्टडीचा निधी प्रत्येक महाविद्यालयाला ठरावीकच मिळतो आणि तो संपू शकतो, म्हणून महाविद्यालयाने दिलेली प्राधान्याची तारीख चुकवू नये. महाविद्यालय या योजनेत सहभागी आहे ना, हेही आधी पाहावे, सगळी नसतात.

एच-४ वरील मुलीला फेडरल आर्थिक मदत मिळत नाही, म्हणून वर्क-स्टडीही नाही. तिला कोणतीही पगारी नोकरी करता येत नाही. महाविद्यालयाच्या आवारातील कामही नाही. पुढे तिने एफ-१ मध्ये बदल करून घेतला, तर आवारातील साधी नोकरी करता येईल. ग्रीन कार्डाचा अंतिम टप्प्यातील अर्ज दाखल होऊन तिच्या हाती कामाचा परवाना आला, तर तिला नोकरी करता येईल, पण ग्रीन कार्ड प्रत्यक्ष मिळेपर्यंत वर्क-स्टडीसाठी ती पात्र ठरणार नाही. हा फरक बारीक आहे आणि आपल्याकडे तो हमखास निसटतो.

भाच्यालाही वर्क-स्टडी नाही. मात्र एफ-१ विद्यार्थ्याला आवारात काम करता येते : सत्र चालू असताना सगळ्या कामांचे मिळून आठवड्याला जास्तीत जास्त २० तास, आणि सुट्टीत पूर्णवेळ. असिस्टंटशिप, म्हणजे अध्यापनात किंवा संशोधनात साहाय्य करण्याचे पगारी काम, असेल, तर तिचे तासही या २० मध्येच धरले जातात. काम मिळाल्यावर नियोक्त्याचे पत्र आणि आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाचे पत्र घेऊन सोशल सिक्युरिटी क्रमांकासाठी अर्ज करावा लागतो. ओळखीच्या पेट्रोल पंपावर किंवा उपाहारगृहात रोख पैशांवर काम करण्याचा सल्ला त्याला कोणी ना कोणी देईलच. तो त्याने अजिबात ऐकू नये. परवानगीशिवाय आवाराबाहेर काम केल्यास विद्यार्थी म्हणून असलेला दर्जाच जातो, आणि त्याचा परिणाम पुढच्या प्रत्येक व्हिसा-अर्जावर होऊ शकतो.

प्रश्न : काम मिळाले! पहिल्याच दिवशी कार्यालयाने पासपोर्ट मागितला. मी फोनमधला फोटो दाखवला, तर त्यांनी तो घेतला नाही आणि मला परत पाठवले. फोटो का चालत नाही? आणखी काय काय लागते?
— विद्यार्थी, ओहायो

उत्तर : अभिनंदन. कार्यालय बरोबर वागले. अमेरिकेतील प्रत्येक नियोक्त्याला नव्या कर्मचाऱ्याची ओळख आणि काम करण्याचा हक्क तपासणारा आय-९ अर्ज पूर्ण करावा लागतो. त्यातील पहिला भाग तुम्ही कामाच्या पहिल्या दिवसापर्यंत भरायचा आणि दुसरा भाग नियोक्त्याने तुमची कागदपत्रे पाहून, काम सुरू झाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत भरायचा. कागदपत्रे मूळ लागतात. फोटो, स्कॅन किंवा झेरॉक्स चालत नाही. जन्मदाखला मात्र सरकारी कार्यालयाने शिक्का मारून दिलेल्या प्रमाणित प्रतीत चालतो.

चालू मुदतीचा अमेरिकन पासपोर्ट किंवा ग्रीन कार्ड यांपैकी एक असेल, तर ते एकटे पुरते. ते नसेल, तर ओळख पटवणारा एक कागद, जसे ड्रायव्हिंग लायसन्स किंवा छायाचित्र असलेले विद्यार्थी ओळखपत्र, आणि काम करण्याचा हक्क दाखवणारा दुसरा, जसे सोशल सिक्युरिटी कार्ड किंवा जन्मदाखला, असे दोन लागतात. कोणती कागदपत्रे दाखवायची, हे यादीतून तुम्ही निवडायचे असते. अमुकच आणा असा आग्रह नियोक्ता धरू शकत नाही. तेव्हा पासपोर्ट घरी आईच्या कपाटात असेल, तर तो येईपर्यंत थांबण्याची गरज नाही. खिशातील विद्यार्थी ओळखपत्र आणि सोशल सिक्युरिटी कार्ड मिळून काम भागू शकते. पासपोर्ट मागवायचाच असेल, तर नोंद असलेल्या टपालाने मागवावा.

याशिवाय करकपातीसाठी डब्ल्यू-४ अर्ज, राज्याचा तसा अर्ज असल्यास तो, आणि पगार थेट खात्यात जमा होण्यासाठी बँकेची माहिती एवढे द्यावे लागते. ही कागदपत्रे पूर्ण होण्याआधी ‘दोन दिवस येऊन बघ’ असे कोणी म्हणाले, तर नम्रपणे नकार द्यावा. नोंद नसलेल्या तासांचा पगार मिळवणे कठीण जाते.

प्रश्न : या कमाईवर कर लागतो का? तिच्यामुळे पुढच्या वर्षीची मदत कमी होते का? आणि हातातली मंजूर रक्कम सत्राच्या मध्येच संपली तर काय?
— एक विद्यार्थिनी, मॅसॅच्युसेट्स

उत्तर : हे उत्पन्न फेडरल प्राप्तिकराच्या कक्षेत येते आणि वर्षाअखेर डब्ल्यू-२, म्हणजे पगाराचा आणि कपातीचा दाखला, मिळतो. प्रत्यक्षात, एवढीच कमाई असलेल्या विद्यार्थ्याचे उत्पन्न प्रमाणित वजावटीच्या (ज्या रकमेवर कर लागत नाही तिच्या) बरेच खाली राहते, त्यामुळे सहसा कर भरावा लागत नाही. कापला गेला असेल, तर विवरणपत्र भरून परत मिळतो. किमान अर्धवेळ नोंदणी असलेला विद्यार्थी स्वतःच्याच महाविद्यालयासाठी काम करत असेल, तर सोशल सिक्युरिटी (निवृत्तिवेतन) आणि मेडिकेअर (ज्येष्ठांचा आरोग्यविमा) यांसाठीची कपात साधारणपणे होत नाही. बाहेरच्या ना-नफा संस्थेच्या पगारातून मात्र ती होते. पहिली पगारपावती हाती आली की या दोन रकाने पाहावेत.

मदतीविषयी चिंता नको. पुढच्या फाफ्सामध्ये तुमच्या उत्पन्नाचा हिशेब होताना वर्क-स्टडीची कमाई वगळली जाते. दुकानातील साध्या नोकरीच्या कमाईला ही सवलत नाही. दोन्ही कामांचा पगार सारखा असेल, तर वर्क-स्टडीचे पारडे जड ठरते ते यामुळे.

रक्कम संपण्याचा प्रश्न सर्वांत व्यावहारिक आहे, आणि तो सत्र सुरू असतानाच सोडवावा लागतो. समजा, या सत्रासाठी १,५०० डॉलर मंजूर आहेत, दर १५ डॉलर आहे आणि तुम्ही आठवड्याला १० तास काम करता. रक्कम दहाव्या आठवड्यात संपेल आणि परीक्षेपर्यंतचे चार-पाच आठवडे रिकामे राहतील. तेव्हा टाइमशीट भरताना एका वहीत उरलेली रक्कमही लिहीत जावी. टाइमशीटमध्ये प्रत्यक्ष केलेलेच तास लिहावेत आणि वर्गाच्या वेळेत काम केल्याचे दाखवू नये. वर्ग चालू असताना वर्क-स्टडीचे तास भरता येत नाहीत, आणि महाविद्यालयाकडे तुमचे वेळापत्रक असतेच. सातव्या-आठव्या आठवड्यात सुपरवायझरना विचारावे, की रक्कम संपल्यावर विभाग स्वतःच्या बजेटमधून पगार देईल का. काही विभाग देतात, काही तेथेच थांबवतात. नकार आला, तर तेव्हापासूनच तास आठवड्याला तीन-चारवर आणावेत. आर्थिक मदत कार्यालयातही एक फेरी मारावी, कारण इतर विद्यार्थ्यांनी न वापरलेला निधी शिल्लक असेल, तर गरज सिद्ध होत असल्यास मंजूर रक्कम वाढवून मिळू शकते. ही विनंती पहिल्या सत्राच्या शेवटी करावी.